शालेय समाजकार्य : परिणाममापन

शाळेत नेमलेल्या समाजकार्यकर्त्याच्या कामामुळे बालकांच्या स्वास्थ्यात बदल झाला काय व झाला असल्यास किती, हे पद्धतशीरपणे ठरविण्याच्या प्रक्रियेस शालेय समाजकार्याचे परिणाममापन म्हणतात. स्वास्थ्य या संज्ञेत बालकाची भावनिक स्थिती, समवयस्कांशी असलेले संबंध, सुरक्षिततेची जाणीव व शाळेविषयीची आपुलकी यांचा अंतर्भाव होतो. गृहभेटी, पालकसभा व समुपदेशनाच्या बैठका यांची मोजदाद ही कामाची नोंद होय. ते परिणामाचे मापन नव्हे.

शालेय समाजकार्याचा उगम १९०६-०७ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क, बॉस्टन व हार्टफर्ड या शहरांत झाला. भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावे स्थापन झालेल्या संस्थेत (सध्याची टाटा समाजविज्ञान संस्था) सुरू झाले.

मापनासाठी प्रामुख्याने प्रश्नावल्या वापरतात. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश मनोविकारतज्ञाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत २५ विधाने असून ती भावनिक त्रास, वर्तनदोष, अतिचंचलता, समवयस्कांशी असलेल्या संबंधांतील अडचणी व परोपकारी वर्तन अशा पाच गटांत विभागलेली आहेत. पहिल्या चार गटांच्या गुणांची बेरीज ० ते ४० यांदरम्यान येते. ती जितकी अधिक तितक्या अडचणी अधिक. अशी प्रश्नावली केवळ ग्रांथिक मराठीत भाषांतरित करून भागत नाही. घरी मालवणी बोलणाऱ्या बालकास विधानाचा अर्थ नेमका कसा लागतो, हे आधी पडताळावे लागते.

मात्र मापनातील मुख्य प्रश्न तुलनेचा असतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण किनाऱ्यावरील शाळेचे उदाहरण घेता येईल. शाळा जूनच्या मध्यास सुरू होते. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असल्याने मच्छीमार कुटुंबांत पैशाची चणचण असते. पावसाळा सरल्यावर होड्या समुद्रात जातात, रापणी लागतात व घरात मिळकत येऊ लागते. जूनमध्ये पहिले व नोव्हेंबरमध्ये दुसरे मापन केल्यास दिसणारी सुधारणा समाजकार्याची की ऋतुमानाची, हे सांगता येत नाही. म्हणून कार्यकर्ता नसलेल्या, परंतु तशाच किनारी शाळांत त्याच महिन्यांत मापन करणे आवश्यक ठरते. कोणत्या शाळेत कार्यकर्ता नेमावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरविल्यास तुलना अधिक निःपक्षपाती होते.

गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात अशी चाचणी घेतली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत ७५ माध्यमिक शाळांची तीन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली; पुढे एक शाळा गळाली. एका गटात स्थानिक प्रशिक्षित समुपदेशकांनी व दुसऱ्यात शिक्षकांनी तोच कार्यक्रम राबविला. तिसऱ्या गटात तो नव्हता. सुमारे आठ महिन्यांनंतर नववीच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण सुधारल्याचे आणि दमदाटी, हिंसा व खिन्नतेची लक्षणे कमी झाल्याचे आढळले. शिक्षकांनी राबविलेल्या कार्यक्रमाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. तिसरा गट नसता, तर हे दोन्ही निष्कर्ष इतक्या खात्रीने काढता आले नसते.

सिंधुदुर्गातील अनेक प्राथमिक शाळा कमी पटाच्या आहेत. बारा मुलांच्या शाळेत एकाच मुलाचे गुण बारांनी घटले, तरी शाळेची सरासरी एका गुणाने खाली येते. त्यामुळे एकेका शाळेच्या आकड्यांवरून निर्णय न घेता अनेक शाळा एकत्र विचारात घ्याव्या लागतात. मापनाच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांचा शोध घेणेही अगत्याचे असते, कारण सर्वाधिक अडचणीतील बालक बहुधा त्यांतच असते. लहान गावात नाव वगळूनही उत्तर देणारा ओळखू येतो. म्हणून उत्तरांची गुप्तता कसोशीने पाळावी लागते. मात्र एखादे बालक धोक्यात असल्याचे उत्तरांवरून दिसल्यास अहवालाची वाट न पाहता त्यास तत्काळ साहाय्य पुरविणे, हे मापन करणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.