निमूट गळलेल्या ओळी

२५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातल्या १५,८४१ कोरोनाबाधितांची नोंद ब्रिटनच्या रोजच्या आकडेवारीत वेळेवर आलीच नाही. चाचण्या झाल्या होत्या, रुग्णांना निकालही कळले होते. पण त्यांच्या सहवासात कोण आले, याचा शोध लांबला आणि ती माणसे काही कल्पना नसताना वावरत राहिली.

घोळ झाला तो माहिती इकडून तिकडे भरताना. प्रयोगशाळांकडून साध्या सीएसव्ही फायली येत. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था त्या एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात घेऊन पुढे मध्यवर्ती यंत्रणेत चढवत असे. या स्वरूपात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. एकेका चाचणीला अनेक ओळी लागत, त्यामुळे सुमारे १,४०० रुग्णांतच शीट भरे. उरलेले गळून जात. १०,४८,५७६ ओळींचे नवे स्वरूप तर २००७ पासून उपलब्ध होते! त्याहून गंभीर बाब अशी, की ओळी गळत असल्याचे कित्येक दिवस कुणाच्या लक्षातच आले नाही.

एक्सेलच्या चौकोनात काहीही लिहिता येते आणि त्याचा अर्थ पुष्कळदा एक्सेल स्वतःच लावते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० टाकला की २० उरतो. आधारचा बारा आकडी क्रमांक साध्या रकान्यात २.३४५६८ई+११ असा दिसतो; फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर तसाच लिहिला जातो आणि त्या फायलीतून मूळ आकडे परत मिळत नाहीत. तारीख म्हणजे आत दिवसांची निव्वळ मोजणी. ती सहसा १९०० पासून सुरू होते, जुन्या मॅकवरच्या फायलींत १९०४ पासून. दोन्हींची सरमिसळ झाली तर प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी चुकते. 'सेप्ट२' हे जनुक '२ सप्टेंबर' होऊन बसे. अखेर २०२० मध्ये अशा जनुकांची नावेच बदलावी लागली.

आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली, ती एक्सेलच्या उलट शिस्तीची. प्रत्येक रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती येणार हे आधीच ठरलेले, प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख देणारी 'की'. नियमात न बसणारी नोंद डेटाबेस सरळ नाकारतो.

म्हणून एक्सेलमधली माहिती डेटाबेसमध्ये नेताना जाणकार शीट थेट मूळ तक्त्यात ओतत नाहीत. आधी सगळे रकाने निव्वळ मजकूर म्हणून एका तात्पुरत्या तक्त्यात उतरवतात. फायलीत ओळी किती होत्या आणि इथे किती आल्या, हे मोजतात. रकमांच्या बेरजाही ताडून पाहतात. मगच तारखा, आकडे, नावे तपासून, उदाहरणार्थ, ग्राहक एका तक्त्यात आणि त्यांच्या ऑर्डरी दुसऱ्या तक्त्यात जातात. हे सारे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होते, त्यामुळे मध्येच काही बिघडले तर अर्धवट माहिती मागे राहत नाही. नाकारलेल्या ओळी मात्र पुसायच्या नाहीत. कारणासह त्या वेगळ्या तक्त्यात ठेवल्या, की ज्याने मूळ शीट भरली त्यालाच विचारून दुरुस्त करता येतात.