रिकामी पिशवी परत का येत नाही?

गॅसचा सिलिंडर संपला म्हणून तो कोणी उकिरड्यावर टाकत नाही. त्यासाठी डिपॉझिट भरलेले असते, रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही आणि तो न्यायला माणूस दाराशी येतो. दुधाच्या पिशवीच्या नशिबी यातले काहीच नाही. कात्रीने उडवलेला तिचा कोपरा मोरीत जातो, तिथून गटारात. एवढासा तुकडा वेचणे भंगारवाल्यालाही परवडत नाही. घर तेच, माणसे तीच. मग प्लास्टिकचा कचरा लोकांच्या बेशिस्तीमुळेच होतो, हे मला पटत नाही. वस्तू परत जाण्याची सोय असेल तर माणसे ती परत देतात.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. इतक्या पावसाने मुंबई बुडालीच असती, पण प्लास्टिकने तुंबलेल्या गटारांनी संकटात भर घातली. पुढे मार्च 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. दुधाच्या पिशवीवर किमान 50 पैसे परतीची किंमत छापावी, अशी तरतूद त्यात होती. बंदी आणि दंड गाजले. पिशव्या मोजून घेणारे दुकान आणि त्या उचलणारी गाडी मात्र उभी राहिली नाही. याउलट तमिळनाडूच्या नीलगिरी जिल्ह्यात, जंगलात फेकलेल्या दारूच्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायांत जात होत्या, तेव्हा प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि मे 2022 पासून सरकारी दुकाने बाटलीमागे 10 रुपये जादा घेऊ लागली. रिकामी बाटली दिली की पैसे परत. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. जर्मनीत 2003 पासून प्लास्टिकच्या बाटल्यांनाही डिपॉझिट आहे आणि तिथेही हाच अनुभव आहे.

पिशव्यांसाठी कायदा लागेल, पण लग्न-बारशाच्या जेवणावळींतल्या प्लास्टिकच्या ताटल्या टाळायला कायद्यासाठी थांबायचे कारण नाही. गावोगावी देवळाची किंवा समाजाची भांडी असत. ताटाच्या काठावर देणाऱ्याचे नाव कोरलेले, वहीत नोंद, हरवले तर भरपाई. शहरातल्या सोसायटीलाही पाचशे ताटे-वाट्या-पेले आणि एक कुलूपबंद खोली एवढ्यावर हे जमेल. यावर पहिला आक्षेप पाण्याचा. तो खरा आहे, आणि टँकरवर जगणाऱ्या गावाने पत्रावळीच वापराव्यात. पण नळाचे पाणी असलेल्या ठिकाणी आधी खरकटे काढून टबात विसळले तर पाणी बेताने लागते. दुसरा आक्षेप असा, की भांडी सांभाळत बसण्यापेक्षा वापरलेले प्लास्टिकच वितळवून नवे करावे. 2017 मधल्या एका जागतिक अभ्यासानुसार, 2015 पर्यंत टाकून दिलेल्या प्लास्टिकपैकी जेमतेम 9 टक्क्यांचे असे पुनर्चक्रण झाले होते. भाजीरस्सा माखलेली पातळ ताटली तर कोणी वेचतही नाही.

मला सर्वांत गंभीर वाटतो तो तिसरा प्रश्न : धुणार कोण? लोकसहभागाच्या नावाखाली हे काम बायकांच्या गळ्यात फुकट पडण्याचा धोका मोठा आहे, आणि तसे झाले तर वर्षभरात ती खोली बंदच राहील. म्हणून ताटांच्या भाड्यातच धुणावळ धरली पाहिजे. ती भांडी धुणाऱ्या बचत गटाला रोख मिळावी आणि हरवलेल्या ताटांची वजावट ताटे नेणाऱ्याच्या डिपॉझिटमधून व्हावी, धुणाऱ्यांच्या मजुरीतून नव्हे.