लेकींची शाखा आणि जुनी छायाचित्रे

रत्नागिरीच्या टेकडीवर, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून थिबा राजवाडा उभा आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले आणि पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. 1910 मध्ये तो या राजवाड्यात राहावयास आला आणि 1916 च्या डिसेंबरात येथेच निवर्तला. राजा, राणी सुपायालत व राजकन्या यांची त्या काळची छायाचित्रे आजही पुस्तकांतून पाहावयास मिळतात. परंतु त्या चेहऱ्यांचे पुढे काय झाले, हे छायाचित्र सांगत नाही. ते वंशावळीलाच विचारावे लागते.

आपल्याकडील बहुतेक वंशावळी पित्याकडून पुत्राकडे उतरतात. त्या रीतीने पाहू गेल्यास थिबाचा वंश तेथेच संपला असता, कारण त्याच्यामागे उरल्या त्या चार कन्या. कुटुंब 1919 मध्ये मायदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली. राजवाड्यावर चाकरीस असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला झालेली कन्या टुटू येथेच वाढली, मराठी बोलली, गरिबीत संसार करून 2000 साली वारली. धाकट्या राजकन्येची संतती ब्रह्मदेशात वाढली. सुधा शाह यांनी अनेक वर्षे शोध घेऊन 2012 मध्ये ‘द किंग इन एक्झाइल’ हा ग्रंथ लिहिला, तो या लेकींच्या शाखांचा माग काढीतच. राजाच्या निधनास शंभर वर्षे झाली तेव्हा, 2016 च्या डिसेंबरात, म्यानमारमधील वंशज रत्नागिरीच्या समाधीपाशी आले आणि येथील आप्तांना भेटले.

राजघराण्याची ही कथा, तर सामान्य घरांतील छायाचित्रांची काय अवस्था असेल? जुन्या ट्रंकेतील एखाद्या तसबिरीत नऊवारी नेसलेली स्त्री दिसते, पण तिचे नाव सांगणारे शेवटचे माणूस निघून गेले की ती कायमची अनोळखी होते. म्हणून पहिले काम घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसण्याचे. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने डावीकडून उजवीकडे नावे, नाते व गाव लिहावे. स्टुडिओचा शिक्का आढळल्यास जपावा. त्यावरून गाव व अंदाजे काळ उमगतो.

पुढचा माग कागदपत्रांतून लागतो. फेरफारातील वारसनोंद, जन्ममृत्यूची नोंदवही, शाळेचे जनरल रजिस्टर, जुन्या लग्नपत्रिका, कोकणातील घराण्यांचे कुलवृत्तांत, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या या सर्वांतून दुवे मिळतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागांतील जैन व लिंगायत घरांना हेळवी परिचित आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांची नावे त्यांच्या वह्यांत असतात.

तरीही अनेक नोंदींत लेकींची नावे गळलेली आढळतात. लग्नानंतर नाव व आडनाव दोन्ही बदलल्याने शोध तेथेच अडतो. अशा वेळी आत्या, मावशी आणि त्यांच्या सासरची मंडळी यांना विचारावे. पणजीचे छायाचित्र ज्या पणतीपर्यंत पोहोचावयाचे, ती बहुधा वेगळ्याच आडनावाच्या घरात नांदत असते. मूळ प्रत आपल्यापाशी ठेवून तिला उत्तम प्रत, नावांसह, पाठवावी. चेहऱ्याला नाव मिळाले की तसबिरीतील अनोळखी स्त्री पुन्हा कोणाची तरी आजी होते.