आई-बाबा निघाले आल्प्सला: मुलांकडे जाण्यापूर्वी तब्येतीची तयारी कशी कराल?

मुलगा झुरिचला नोकरीला, मुलगी जिनिव्हाला, आणि आई-बाबा इथे मढला. आता अशी घरे कमी नाहीत. कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने जाते, कुणी मुलाचा आग्रह मोडवत नाही म्हणून १५ दिवस. तिथे गेल्यावर बर्फाचा डोंगर पाहणे ठरलेलेच. सिनेमांमुळे आल्प्स आपल्याला इतका ओळखीचा झाला आहे की तिथे जाणे म्हणजे लोणावळ्याला जाण्यासारखेच वाटते. शरीराला मात्र तसे वाटत नाही. ज्याचे सगळे आयुष्य समुद्राच्या पातळीवर गेले, त्याच्या हृदयाला आणि फुप्फुसांना ही मोठी परीक्षा असते. थोडी तयारी केली तर बहुतेक ज्येष्ठ नागरिक हा प्रवास सुखरूप करू शकतात.

उंचीवर नेमके काय होते?

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. युंगफ्राउयोखचे रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त आणि जवळजवळ लेहइतके. टिटलिसची वरची केबल कार ३,००० मीटरच्या थोडी वर नेते. इंटरलाकेन सुमारे ५७० मीटरवर आहे. तिथून केबल कार आणि रेल्वेने दीड-दोन तासांत माणूस युंगफ्राउयोखला पोहोचतो. पायी चढताना शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, तो इथे मिळत नाही.

वर हवेचा दाब कमी असतो. साडेतीन हजार मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. ती कसर भरून काढायला श्वास आणि नाडी वाढते. निरोगी माणसाच्या बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडाही ९० च्या खाली जाऊ शकतो. थोडी धाप लागणे आणि दोन पायऱ्या चढून थांबावेसे वाटणे इथे स्वाभाविक आहे. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याच्यासाठी मात्र हा वाढलेला भार धोक्याचा ठरू शकतो. त्यात थंड हवेने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो.

डोके दुखणे, मळमळ, थकवा आणि झोप न लागणे हा ‘उंचीचा त्रास’ साधारणपणे २,५०० मीटरच्या वर गेल्यावर काही तासांनी सुरू होतो. दोन-तीन तास थांबून खाली येणाऱ्यांना तो सहसा फार होत नाही. रात्री वर मुक्काम असेल तर शक्यता वाढते. त्यासाठी असिटाझोलामाइड नावाची गोळी आहे, पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आधी डॉक्टरांना कुणी भेटलेच पाहिजे?

निदान महिनाभर आधी भेटा, म्हणजे तपासण्या आणि औषधांतील बदल करायला वेळ मिळतो.

- गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पक्षाघात झाला असेल
- चालताना छातीत दुखते किंवा पायांवर सूज येते
- दमा, सीओपीडी किंवा फुप्फुसांचा जुना आजार आहे
- हिमोग्लोबिन खूप कमी आहे किंवा सिकल सेलचा आजार आहे
- रक्तदाब किंवा शुगर अजून आटोक्यात नाही
- डोळ्याच्या पडद्याचे ऑपरेशन होऊन आत गॅस भरला आहे. हा गॅस विरेपर्यंत विमानप्रवास आणि उंची दोन्ही पूर्ण वर्ज्य. नजर कायमची जाऊ शकते

घरी एक साधा अंदाज घेता येतो. दोन मजले न थांबता चढताना छातीत दुखत नसेल आणि बोलता न येण्याइतकी धाप लागत नसेल, तर ते चांगले लक्षण आहे. ते जमत नसेल तर आधी तपासणी करा. वर गेले नाही म्हणून प्रवास वाया जात नाही. तळ्याकाठी बसूनही बर्फाचे डोंगर तितकेच सुंदर दिसतात.

बाळंतपणासाठी गेला असाल तर तान्ह्या बाळाला एवढ्या उंचीवर नेण्याची घाई करू नका. बाळ कानदुखीने रडू शकते, पण काय होतेय ते सांगू शकत नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

विमानातले नऊ तास

मुंबई ते झुरिच थेट विमानाने साधारण नऊ तास लागतात. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसल्यावर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. दर तास-दीड तासाने उठा, बसल्या जागी घोटे हलवा आणि पाणी पीत राहा. आधी गुठळी झाली असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर दाब देणाऱ्या मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

सारखे टॉयलेटला उठावे लागू नये म्हणून अनेक जण लघवीची गोळी बंद करतात आणि पाणीही कमी पितात. असे करू नका. गोळीची वेळ बदलायची असेल तर डॉक्टर ती बदलून देतील.

मधुमेह आणि औषधांची पिशवी

स्वित्झर्लंडचे घड्याळ आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. जाताना दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवसाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. चुकलेला डोस दुप्पट घेऊन भरून काढू नये.

- सर्व औषधे हातातल्या बॅगेत ठेवा. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठू शकते
- बर्फात फिरताना इन्सुलिन कोटाच्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरू नका
- कडाक्याच्या थंडीत ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो. आत, उबेत येऊन तपासा
- प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावासोबत औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. आपले ब्रँड तिकडे मिळत नाहीत
- किती दिवसांची औषधे नेता येतात, याचे नियम देशानुसार वेगळे आहेत. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांचे नियम कडक असतात. मुलांना आधी चौकशी करायला सांगा

मुलांसाठी सुकट आणि सुके बोंबील न्यायचा मोह होतोच. पण रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने स्वतः जपून खावे. खारवलेल्या माशातले मीठ सूज आणि धाप वाढवू शकते.

बर्फ, ऊन आणि घसरणे

ज्येष्ठांचे हाड बहुतेक वेळा डोंगरावर नाही, तर घरासमोरच्या गोठलेल्या फुटपाथवर मोडते. मनगट आणि खुबा या दोन जागा जास्त धोक्यात असतात. खाचदार तळाचे बूट घ्या, पावले छोटी टाका आणि हात खिशात ठेवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी हॉस्पिटलमध्ये जा.

ताजा बर्फ सूर्याची सुमारे ८० टक्के अतिनील किरणे परत फेकतो. गॉगल नसेल तर काही तासांनी डोळे लाल होतात, आग होते आणि पाणी वाहते. गडद गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही वापरा.

चाळिशीतली मुले-सुना स्की शिकायला उत्सुक असतात. शिकावे जरूर, पण प्रशिक्षकाकडून, हेल्मेट घालून आणि मद्य न घेता. स्कीमध्ये गुडघ्याचे लिगामेंट आणि अंगठ्याचा सांधा जास्त दुखावतो. गुडघ्यात ‘टक’ असा आवाज होऊन लगेच सूज आली, तर त्या पायावर जोर देऊ नका.

विमा: इथे लपवू नका

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. व्हिसा मिळाला म्हणजे सगळे आजार विम्यात बसले असे होत नाही. प्रीमियम वाढेल म्हणून बीपी-शुगर लपवली, तर गरजेच्या वेळी क्लेम नाकारला जाऊ शकतो. जुने आजार, स्कीइंग आणि हेलिकॉप्टरने सुटका या तीन गोष्टी पॉलिसीत आहेत का, ते वाचून घ्या.

मुले इकडे येतात तेव्हा

डिसेंबरात किंवा एरंगळच्या जत्रेला आलेल्या मुलांना वाटते, ‘आम्ही इथलेच, आम्हाला काय होणार?’ मलेरियाविरुद्धची थोडीफार प्रतिकारशक्तीही बाहेर राहिल्यावर ओसरते, आणि तिकडे जन्मलेल्या नातवंडांना ती नसतेच. मच्छरदाणी वापरा आणि पाणी उकळून प्या. पावसाळ्यात आले तर तुंबलेल्या पाण्यात उतरू नये; लेप्टोची भीती असते. परत गेल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना ‘मी मुंबईहून आलो’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

ताबडतोब मदत कधी मागावी?

- छातीत दुखणे, जबडा किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम
- बसल्या जागी धाप, खोकल्यातून गुलाबी फेस
- तोल जाणे, असंबद्ध बोलणे, खूप झोप येणे
- तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे

उंचीवर असाल तर लगेच सोबत घेऊन खाली उतरा. आराम करून बघत थांबू नका. स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेसाठी १४४, हवाई बचावासाठी १४१४ आणि युरोपभर ११२ हे क्रमांक चालतात. ते आई-बाबांच्या फोनमध्ये निघण्याआधीच भरून ठेवा.

शेवटी आई-बाबांना एकच विनंती. ‘मुलाने एवढा खर्च केलाय, त्याचा मूड कशाला घालवू’ म्हणून छातीतली कळ दाबून ठेवू नका. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. मुलांनीही वर जायच्या दिवशी सकाळी ‘आज बरं वाटतंय ना?’ असे नुसते न विचारता, ‘नाही गेलो तरी चालेल’ हेही सांगावे. मग आई-बाबा खरे उत्तर देतील.