ओल, बुरशी आणि शाळा

पावसाळा भरात आला म्हणजे खेड्यातील पुष्कळशा शाळांत भिंतींच्या कोपऱ्यांवर, कपाटातील वह्यांवर व गुंडाळून ठेवलेल्या नकाशांवर काळसर-हिरवट बुरशी दिसू लागते. बहुधा तीवर चुन्याचा हात फिरविला जातो आणि महिन्याभरात ती पुन्हा उगवते. याचे कारण असे की, बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. त्यांचा समूळ नाश करणे कोणाच्याही हातचे नाही. मात्र त्यांना रुजावयास ओल लागते, व ती रोखणे आपल्या हाती आहे.

म्हणून प्रथम सरकलेली कौले व भिंतीलगत साचणारे पागोळ्यांचे पाणी पाहावे. भिंतीवरील प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो. तीवर पाणी शिंपडताच तो विरघळला तर तो लोणा समजावा; उपद्रव ओलीचाच, पण बुरशी नव्हे. बुरशीचे डाग कोरडे झाडू नयेत. उडालेल्या बीजाणूंमुळे दमेकरी मुलांना धाप लागते. नाकातोंडास फडके बांधून साबणाच्या पाण्याने ते पुसावेत, भिंत सुकू द्यावी, मग चुना लावावा. हे काम मुलांकडून करवून घेऊ नये. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे.

भिंतीहून अधिक चिंता धान्याची वाटते. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या भागांत काविळीची साथ उद्भवून शंभराहून अधिक माणसे दगावली. अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका त्यांच्या खाण्यात आला होता. मका व भुईमूग यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. ते यकृतावर घाला घालते. धान्य झाडून, उन्हात घालून, भाजून किंवा शिजवूनही ते पुरते जात नाही. ‘वरची बुरशी काढली म्हणजे झाले’ ही समजूत घरोघरी आढळते. ती पालकसभेत अवश्य खोडून काढावी. असे दाणे दुभत्या जनावरांसही घालू नयेत, कारण विषाचा अंश दुधात उतरतो. भुईमुगाच्या शेंगा आत दाणे खुळखुळेपर्यंत वाळवून मगच साठवाव्यात. शाळेतील तांदळाची पोती फळ्यांवर, भिंतीस न टेकता रचावीत.

पेनिसिलिन बुरशीपासूनच मिळाले, मग बुरशी वाईट कशी, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. सर्व बुरशी एका जातीच्या नसतात, हे त्यास सांगावे. औषध निराळ्या बुरशीपासून शुद्ध करून काढतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. भाकरीचा एक तुकडा कडक वाळवून व दुसरा पाणी शिंपडून, अशा दोन स्वच्छ काचेच्या बरण्यांत ठेवावेत व झाकणे घट्ट लावावीत. आठवडाभर मुलांनी रोज निरीक्षण लिहावे. ओल्या तुकड्याची बरणी मात्र कोणासही उघडू देऊ नये. शेवटी ती तशीच पुरून टाकावी.