पहिली रोड बाइक घेताय? आधी स्वतःचं माप घ्या

सकाळी फिरायला जाताना तुम्ही त्यांना नक्की पाहिलं असेल. डोक्यावर हेल्मेट, हात खाली वळलेल्या हँडलवर आणि बारीक टायरची सायकल आवाज न करता शेजारून निघून जाते. मग एक दिवस घरातली कॉलेजला जाणारी मुलगी किंवा चाळिशी ओलांडलेले पतिराज म्हणतात, ‘‘मलाही अशीच सायकल हवी.’’ दुकानात चौकशी केली की कळतं, नामवंत कंपन्यांच्या रोड बाइक लाखाच्या पुढे जातात. हौस करायची तर आहे, पण घरखर्चाला धक्का न लावता. अशा वेळी स्टोअरचा स्वतःचा ब्रँड कामी येतो.

स्टोअरचा ब्रँड म्हणजे काय?

काही मोठी स्टोअर्स दुसऱ्या कंपन्यांचा माल विकण्याबरोबरच स्वतःच्या नावाच्या वस्तू बनवून घेतात. डेकॅथलॉन हे याचं ठळक उदाहरण. १९७६ मध्ये फ्रान्समधील लील शहराजवळ सुरू झालेली ही कंपनी २००९ मध्ये भारतात आली. तिच्या रोड बाइक ट्रायबन, व्हॅन रायसेल अशा स्वतःच्या नावांनी विकल्या जातात. मधला वितरक नसल्याने त्याच पैशात थोडे बरे सुटे भाग मिळतात. शिवाय गिअर, ब्रेक, चेन हे भाग बहुतेक वेळा शिमानो, मायक्रोशिफ्ट यांसारख्या नेहमीच्या कंपन्यांचे असतात. म्हणजे ते पुढे इतरत्रही बदलून मिळू शकतात.

रंग नंतर, माप आधी

रोड बाइक घेताना सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चुकीचं माप. ‘सेलमध्ये एकच शिल्लक होती’ म्हणून मोठी सायकल घेतली, की मान, मनगट आणि कंबर दुखू लागते. दोन महिन्यांत सायकल बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागतात.

घरीच माप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहा. पायांत थोडं अंतर ठेवा. एक जाड वही दोन्ही पायांमध्ये, सायकलच्या सीटवर बसल्याइतकी घट्ट वर धरा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पायाची आतली लांबी. या आकड्याला ०.८८३ ने गुणलं, की पॅडलच्या दांड्यांमधल्या आसापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतची उंची मिळते. लांबी ८० सेंटीमीटर असेल, तर सीट साधारण ७०.६ सेंटीमीटरवर हवी. इथून सुरुवात करा, मग थोडं वरखाली करून पाहा.

दुकानात सायकलवर बसून ब्रेकच्या मुठी धरा. कोपर किंचित वाकलेले राहायला हवेत. हात ताठ होत असतील किंवा मान ताणली जात असेल, तर सायकल लांब आहे. दोन मापांच्या मध्ये अडकलात, तर साधारणपणे लहान माप घ्यावं. सीट वर करता येते, पण सायकलची चौकट छोटी करता येत नाही.

गिअर मोजू नका, चढ आठवा

‘किती गिअर आहेत?’ हा पहिला प्रश्न नको. तुमच्या रस्त्यावर चढ किती, हे आधी ठरवा. सर्वांत हलका गिअर ओळखण्यासाठी पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते, एवढंच गणित करा. पुढे एकच ४४ दात्यांचं चक्र आणि मागे २८ असेल, तर उत्तर १.५७. पुढे ३४ आणि मागे ३२ असेल, तर १.०६. आकडा जितका लहान, तितका चढ सोपा. बडोद्यासारख्या सपाट शहरात पहिली सायकल पुरते. पुण्याचा सिंहगड किंवा बंगळुरूजवळची नंदी हिल्स खुणावत असेल, तर दुसरीच घ्या.

शिमानोच्या गिअरमध्ये टूर्नी, क्लॅरिस, सोरा असा चढता क्रम आहे. सुरुवातीला क्लॅरिस किंवा त्याच्या तोडीचे गिअर पुरेसे असतात. मात्र गिअर बदलण्याची कळ ब्रेकच्या मुठीतच आहे ना, ते पाहा. रहदारीत हँडलवरचा हात हलवावा लागू नये.

आपले रस्ते, आपला पाऊस

फार अरुंद टायर खड्ड्यांत टिकत नाहीत. २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर निवडा. पावसातही चालवणार असाल, तर डिस्क ब्रेक उपयोगी पडतात. नाही तर रिमवर दाबणारे साधे ब्रेक स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे असतात.

एक छोटी गोष्ट मात्र नक्की तपासा, ती म्हणजे ट्यूबचा व्हॉल्व्ह. बऱ्याच रोड बाइकना बारीक ‘प्रेस्टा’ व्हॉल्व्ह असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. स्वस्तातला छोटासा अॅडॉप्टर घेऊन तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

सगळे पैसे सायकलवर नको

रोड बाइकसोबत सहसा स्टँड, मडगार्ड, कॅरिअर नसतं. कधी कधी पॅडलही वेगळे घ्यावे लागतात. म्हणून ठरवलेल्या रकमेतला सहावा-सातवा हिस्सा बाजूला ठेवा. त्यात हेल्मेट, पुढचा आणि मागचा दिवा, घंटी, पंप, जादा ट्यूब आणि कुलूप बसवा. यासाठी एक मॉडेल खाली उतरावं लागलं तरी चालेल. महाग गिअरपेक्षा हेल्मेट आणि मागचा लाल दिवा जास्त मोलाचा.

विकत घेण्यापूर्वी हे विचारा

स्टोअर घरापासून किती दूर आहे? दुरुस्ती तिथेच होते का? पहिली सर्व्हिसिंग मोफत आहे का? नव्या सायकलच्या केबल सुरुवातीच्या काही आठवड्यांत सैल पडतात, त्यामुळे ती चुकवू नका. हमी कोणत्या भागांवर आहे, ते लेखी पाहा. चौकटीवर मोठी हमी असली, तरी टायर आणि ब्रेक पॅडसारखे झिजणारे भाग त्यात सहसा येत नाहीत. तुमच्या गावात स्टोअर नसेल, तर ऑनलाइन मागवण्याआधी जवळच्या सायकलवाल्याला मॉडेलचा फोटो दाखवा. ‘‘याचं काम कराल का?’’ एवढंच विचारा. तो ‘नाही’ म्हणाला, तर सूट कितीही मोठी असली तरी थांबा.

आणि शेवटी, जिला चालवायची आहे तिलाच दुकानात घेऊन जा. सरप्राइज म्हणून सायकल आणू नका. दहा मिनिटं चालवू द्या, गिअर बदलू द्या, जोरात ब्रेक दाबू द्या. खाली उतरल्यावर तिने ‘‘अजून एक चक्कर मारू?’’ असं विचारलं, तर खुशाल पैसे भरा.