पिल्लाला वळण लावणारा प्रशिक्षक निवडताना

भिलाई (छत्तीसगढ) : हौसेने घरी आणलेले कुत्र्याचे पिल्लू काही आठवड्यांतच हातापायांना चावू लागते, पाहुणे येताच पलंगाखाली दडते किंवा एकटे ठेवल्यावर केकाटून शेजाऱ्यांची झोप उडवते. भिलाईसारख्या पोलाद नगरीत, जिथे वसाहतीतील घरे एकमेकांना लागून आहेत, हा घरगुती त्रास लवकरच शेजाऱ्यांच्या तक्रारीचा विषय होतो आणि प्रशिक्षकाचा शोध सुरू होतो.

या शोधात एक अडचण आहे. पशुवैद्यकाला व्यवसाय करण्यासाठी भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणी करावी लागते. श्वान प्रशिक्षकासाठी अशी सक्तीची नोंदणी नाही. ‘श्वान प्रशिक्षक’ अशी पाटी कोणीही लावू शकतो. त्यामुळे योग्य व्यक्ती पारखण्याची जबाबदारी मालकावरच येते.

आधी पशुवैद्यक, मग प्रशिक्षक

वाईट सवय वाटणाऱ्या अनेक गोष्टींचे मूळ शरीरात असते. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि ते दिसेल ती वस्तू चावते. घरात वारंवार लघवी करण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. डोक्याला हात लावताच गुरगुरणाऱ्या पिल्लाचा कान दुखत असू शकतो. अशा दुखण्यावर शिस्तीचा उपाय केल्यास आजार बळावतो आणि पिल्लाचा माणसावरील विश्वासही उडतो.

म्हणून पहिली भेट पशुवैद्यकाचीच हवी. भिलाईकरांसाठी दुर्ग–राजनांदगाव मार्गावरील अंजोरा येथे कामधेनू विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय आणि १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय या जुन्या संस्था आहेत. आजार नसल्याची खात्री झाल्यावर त्याच पशुवैद्यकाकडे प्रशिक्षकाविषयी विचारणा करता येते. कोणाच्या हाताखालून आलेली कुत्री तपासणीच्या मेजावर निर्धास्त असतात, हे त्याने पाहिलेले असते.

वयाचे गणित

अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पिल्लाच्या वाढीतील एक नाजूक काळ पुढे आला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना आणि जागांना सरावते, त्यांची भीती त्याला पुढे कमी वाटते. भीतीतून चावणारी अनेक कुत्री ही या काळात चार भिंतींत कोंडली गेलेली असतात.

नेमक्या याच काळात लसीकरणही पूर्ण झालेले नसते आणि पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा धोका असतो. यावर मध्यम मार्ग आहे. पिल्लाला कडेवर घेऊन बाजार, फाटक, शाळेतून परतणारी मुले दाखवावीत. लसीकरण झालेल्या निरोगी कुत्र्यांशी घरातच भेट घडवावी. भटकी कुत्री वावरतात तिथे जमिनीवर सोडू नये. लस पूर्ण होईपर्यंत काहीच करू नका, असा सरसकट सल्ला देणाऱ्या प्रशिक्षकाकडून हा मोलाचा काळ वाया जाण्याची शक्यता असते.

धाक की बक्षीस?

कुत्र्यावर वचक बसवून ‘कळपाचा म्होरक्या’ व्हावे, ही समजूत अजून प्रचलित आहे. तिचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या अभ्यासात आहे. अमेरिकी संशोधक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात ती उचलून धरली. मात्र रानातील लांडग्यांचा कळप हा बहुधा आईबाप व पिल्ले यांचे कुटुंब असते, असे सांगून १९९९ मध्ये त्यांनीच ती दुरुस्त केली.

पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. धाकाच्या पद्धतींनी शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे अधिक आढळली आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसोल या संप्रेरकाचे प्रमाणही वाढलेले दिसले. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचीच शिफारस केली.

काय विचारावे, काय पाहावे

पिल्लू चुकले तर काय करता, हा पहिला प्रश्न विचारावा. काटेरी पट्टा, विजेचा झटका किंवा मार हे उत्तर आल्यास तिथेच थांबावे. प्राण्याला मारहाण करणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. प्रशिक्षणाचे एक सत्र आधी प्रत्यक्ष पाहू देण्याचा आग्रह धरावा. शेपूट पायांत घालून, कान मागे टाकून आज्ञा पाळणारे पिल्लू भ्यालेले असते.

पोलिस किंवा निमलष्करी दलांतून निवृत्त झालेले श्वान हस्तकही हे काम करतात. त्यांचा अनुभव मोलाचा असतो; पण ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरसारख्या केंद्रात स्फोटके हुंगायला शिकणारे कुत्रे आणि पाहुण्यांना घाबरणारे घरगुती पिल्लू यांच्या गरजा वेगळ्या आहेत. भित्र्या पिल्लांबरोबर यापूर्वी काम केले आहे का, हे विचारून घ्यावे. महिनाभरात ‘खात्रीने’ सुधारण्याची हमी आणि पिल्लाला नजरेआड नेऊन शिकवण्याची अट, या दोन्हींबाबत सावध राहावे.

चांगला प्रशिक्षक पिल्लाइतकेच घरच्यांनाही शिकवतो. भिलाईतील मराठी घरात आजी ‘बस’ म्हणते, शेजारी ‘बैठ’ म्हणतात आणि मुले ‘सिट’ म्हणतात. पिल्लाला हे तीन वेगवेगळे आवाज असतात. सर्वांनी एकच शब्द ठरवावा, शिकवणी दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटांची ठेवावी आणि उन्हाळ्यात फेरी सकाळी लवकर काढावी.

चावऱ्या पिल्लाला कंटाळून रस्त्यावर सोडण्याच्या घटना घडतात. उपासमारीची शक्यता असताना प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे हाही १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय लस न घेतलेले असे कुत्रे रेबीजचा धोका गल्लीत नेते. पिल्लू चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. त्यानंतर प्रश्न उरतो पिल्लाचा, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी हाताशी थोडेच आठवडे असतात.